पुसून घे

‘ओल’ हे बँडचं नाव पहिल्यांदा ऐकून सगळेच हसायचे. टायरच्या दुकानाखालच्या तळघरात चौघांचा सराव चालायचा, तिथल्या भिंतीला बारा महिने ओल असायची. नाव काय ठेवायचं यावरून त्यांची कडाक्याची भांडणं झाली, तेव्हा ड्रमवाल्याने त्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हेच ठेवा. हिच्याइतकं चिवट इथे दुसरं कोणी नाही." पोस्टरवर संपर्कासाठी नंबर मात्र ताईचा असायचा. ‘ओल, रविवारी चार वाजता’ एवढंच वाचून एका बाईने तिला फोन केला होता, की आमच्या बाथरूममागची भिंत बघायला कधी येताय? ताईने तिला नीट समजावून सांगितलं आणि वर रविवारी यायचं आमंत्रणही दिलं. बाई काही आली नाही.

ताई बँडमध्ये नव्हती. तिला साधी टाळीसुद्धा तालात वाजवता येत नसे. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या एका वर्कशॉपमध्ये ती कामाला होती. दिवसभर फिरत्या चाकावर काच धरायची, वरून पाण्याची बारीक धार, आणि घासलेल्या काचेचा पांढरा राडा पार मनगटापर्यंत. संध्याकाळी घरी आली की हात धुऊन कॉम्प्युटरसमोर बसायची. रेडिओ स्टेशनं, लहानमोठी सभागृहं, कॉलेजची मंडळं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, ज्याचा पत्ता मिळेल त्याला लिहायची, की असा असा बँड आहे, तुम्ही एकदा ऐका. ओलपासून सुरुवात झाली. मग ओळखीओळखीतून आणखी गाणारे-वाजवणारे येत गेले, ज्यांना कोणी कुत्रं विचारत नव्हतं असे. त्यांच्यासाठी तिने एक वेबपेज काढलं होतं. दर आठवड्याला एकेकाबद्दल चार ओळी लिहायची, गाणं जोडायची, आणि वाचणाऱ्यांचा आकडा बघून दिवा मालवायची.

नऊ वर्षं हे चाललं होतं. उत्तरं क्वचित यायची, आणि आली तर ‘नक्की ऐकू’ अशी. त्यामुळे ‘नक्की’ या शब्दावरून तिचा विश्वास साफ उडाला होता. ती दमली होती. अंग दुखतं तसं हे दमणं नव्हतं. एखादं वाक्य शंभराव्यांदा लिहिताना बोटं जड होतात, तसं होतं ते. पण रविवार आला की पाय आपोआप तळघराकडे वळायचे.

त्याचीही एक गोष्ट होती. आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. ताईने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आईचं सगळं तिच्याकडे आपसूक आलं. घरात रात्रंदिवस ऑक्सिजनच्या मशीनची घरघर. आई गेली, मशीन परत गेलं, आणि घर इतकं गप्प झालं की ताईला झोप येईना. तेव्हा धाकट्या बहिणीने तिला हाताला धरून तळघरात नेलं. धाकटीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, आणि नवरा ओलमध्ये गायचा. दिवसा तो फ्रीज दुरुस्त करायचा. आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणायचे, आणि त्यालाही ते बरं वाटायचं.

"गोंगाट असतो हं ताई," धाकटी जिन्यावरच म्हणाली होती. "नाही आवडलं तर खूण कर, निघू."

ताईने खूण केली नाही. गाण्यातला एक शब्द तिला धड कळला नाही. पण बेसचा तो खालचा सूर पायांतून वर चढला आणि दातांपर्यंत जाऊन थांबला, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. रडल्याचं कोणाला ऐकू गेलं नाही, हेच तिला फार आवडलं. पुढच्या रविवारी ती एकटी गेली.

धाकटीचं लग्न पाच वर्षं टिकलं. भोंगा वाईट माणूस नव्हता. घरात असून नसल्यासारखा होता, इतकंच. एका संध्याकाळी धाकटी कामावरून आली तर जिन्यातच गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुटला होता. तिने गॅसचा नळ बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या. आतल्या खोलीत भोंगा कानांना हेडफोन लावून आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकत बसला होता, दाराकडे पाठ करून. ती बराच वेळ त्याच्या मागे उभी राहिली. त्याने वळून पाहिलं नाही. मग तिने बॅग भरली, ती हातात घेऊन परत आली, त्याच्या एका कानावरचा हेडफोन उचलला आणि म्हणाली, "दूध उतू गेलंय. पुसून घे. मी जाते."

तो उठला आणि ओटा पुसायला लागला. ओटा लख्ख झाल्यावर त्याला शेवटचे दोन शब्द कळले. तोवर ती ताईच्या दारात उभी होती.

त्या दिवसापासून दोघी बहिणी एकत्र राहत होत्या. धाकटी एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. घटस्फोट गाजावाजा न होता झाला. घरात ओलचं नाव काढायचं नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण निघत नसे. रविवारी ताई चप्पल घालताना म्हणायची, "जरा बाहेर जाऊन येते." धाकटी म्हणायची, "ये." कुठे ते धाकटीला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे ताईला माहीत होतं. एकदाच काय ती धाकटी बोलली होती. "माझा संसार गेला त्या तळघरात, आणि तू त्याची पोस्टरं चिकटवत फिरतेस." पुढच्या रविवारी चप्पल घालताना तिने मान खाली ठेवली, एवढाच फरक.

असाच एक रविवार होता. तळघरात चौघंच होते. गिटार वाजवायचे ते सर, शाळेत भूमिती शिकवायचे. ड्रमवर ठोक्या, आणि बेसवर मौनी, जो दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर खूप. भोंगा म्हणाला, "नवीन गाणं आहे. ऐका."

गाणं हळू सुरू झालं. पहिल्या कडव्यात उघड्या खिडक्या होत्या, वास होता, पाठमोरा बसलेला माणूस होता. मग ठोक्याने एकदम जोर धरला आणि भोंगा ओरडून गाऊ लागला,

"उतू गेलंय दूध सारं, पुसून घे, पुसून घे,
खिडक्या उघड्या ठेवल्यात मी, पुसून घे, मी जाते."

ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. तिच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत या चौघांनी इतकं चांगलं काही केलं नव्हतं. आणि हे शब्द तिच्या बहिणीचे होते. ज्या रात्री धाकटी बॅग घेऊन आली, त्या रात्री तिने ते ताईला जसेच्या तसे सांगितले होते.

गाणं संपलं तेव्हा मौनी ताईकडे बघत होता.

"ताई, कसं झालंय?" भोंग्याने विचारलं.

"चांगलं झालंय."

"बाहेर द्यायचं का?"

"तुला काय वाटतं?"

"मला नका विचारू. चार वर्षं हेच डोक्यात वाजतंय. मला चांगलंवाईट काही कळत नाही आता." त्याने घाम पुसला. "तुम्ही ठरवा."

घरी जाऊन धाकटीला विचारणं हा सरळ मार्ग होता. पण विचारलं तर ती नाही म्हणेल, हे ताईला ठाऊक होतं. म्हणूनच तिने विचारलं नाही. त्याच आठवड्यात रेडिओवर नव्या संगीताचा कार्यक्रम करणाऱ्या माणसाचं पत्र आलं. तीन वर्षं ताई त्याच्यामागे लागली होती. त्याने लिहिलं होतं, ‘तुमच्या चिकाटीपुढे हात टेकले. काही नवीन असेल तर पाठवा.’ ताईकडे ओलची आणखी पाच गाणी होती. तिने हे पाठवलं.

गाणं लागलं त्या संध्याकाळी काही विशेष घडलं नाही. नंतरच्या आठवड्यात ते दुसऱ्या कार्यक्रमात लागलं, मग दुपारच्या. मग कोणीतरी ते गाणं लावून आपला ओटा पुसतानाचा व्हिडिओ टाकला. बघता बघता लोक गाडी पुसतानाचे, फळा पुसतानाचे, कुत्र्याचे चिखलाचे पाय पुसतानाचे व्हिडिओ टाकू लागले. ताईच्या वेबपेजवरचा आकडा एका दिवसात इतका वाढला की तिला वाटलं काहीतरी बिघडलं असणार. ठोक्या रोज फोन करायचा. "ताई, बघितलंत? ताई, आजचं बघितलंत?" सरांना त्यांच्या वर्गातल्या मुलांनी ओळखलं आणि फळा पुसायला सांगितलं की अख्खा वर्ग गायला लागायचा.

नऊ वर्षं जे व्हावं म्हणून ती झिजली, ते झालं होतं. ताईला आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. पण वर्कशॉपमध्ये काच धरताना तिचा हात दोनदा निसटला. संध्याकाळी घराची चावी कुलपात घालताना रोज ती क्षणभर कान देऊन थांबायची.

एका बुधवारी धाकटी तिच्या आधी घरी आली होती. स्वयंपाकघरात बसली होती, अंगात अजून दवाखान्याचा कोट. पुढ्यातला चहा तसाच होता.

"आमच्या दवाखान्यात रेडिओ लावून ठेवतात," ती म्हणाली. "आतल्या मशीनचा आवाज बाहेरच्या पेशंटना ऐकू येऊ नये म्हणून."

ताई दारातच थांबली.

"मला आधी कळलंच नाही. मी कोणाची तरी अपॉइंटमेंट लिहीत होते. वाटलं, कोणीतरी माझ्या मागे उभं राहून माझ्याच आवाजात बोलतंय. मग त्याचा आवाज ओळखला. डॉक्टरांना पाठ आहे ते. पेशंटच्या तोंडात हात घालून गुणगुणत होते. पुसून घे, पुसून घे. पेशंट बिचारा आ करून पडलेला."

दुसरं कोणी सांगत असतं तर दोघी हसल्या असत्या.

"तू पाठवलंस?"

"हो."

"तुला माहीत होतं ते माझं आहे."

"हो."

"मग मला विचारलं का नाहीस, ताई?"

"तू नाही म्हणाली असतीस."

धाकटीने मान हलवली, हिशेब बरोबर आल्यासारखी. "त्याने केलं त्याचं मला इतकं नाही वाटत. त्याला काही कळतच नाही, तो असाच आहे. पण तुला कळतं. तुला कळत होतं आणि तू केलंस."

ताई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. हातांवर पांढरा राडा तसाच होता, धुवायचंही सुचलं नव्हतं. "मी थांबवते," ती म्हणाली. "रेडिओवाल्याला सांगते. वेबपेजवरून काढते."

"नको."

"का?"

"कारण मग पुन्हा मीच. त्याच्या गाण्याच्या आड आलेली बाई. लग्नात पाच वर्षं तीच होते मी सगळ्यांच्या लेखी. त्याच्या आईच्या, तुमच्या त्या ठोक्याच्या." तिने चहाचा कप बाजूला सारला. "तुझ्याही. खरं सांग."

ताई हातांवरचा राडा नखाने खरवडायला लागली. धाकटी उठून आत गेली. दार आपटलं नाही, अगदी हळू लावलं. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं.

त्यानंतर दोघी एका घरात भाडेकरूंसारख्या वावरत राहिल्या. दूध संपलंय, वीजवाला येऊन गेला, एवढंच बोलणं. आणि नेमक्या त्याच दिवसांत मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमाच्या आयोजक बाईंचा फोन आला. मुख्य बँडच्या आधी पाऊण तास मोकळा आहे, ओल येईल का? "अर्थात ते गाणं हवंच," बाई म्हणाल्या. "तेच ऐकायला येतील लोक."

ताईने भोंग्याला गाठलं तेव्हा तो एका हॉटेलच्या मागच्या अंगणात मोठ्या फ्रीजची पाठ उघडून बसला होता. तिने मैदानाचं सांगितलं आणि दवाखान्याचंही सांगितलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तिने ऐकलं?"

"सगळ्यांनी ऐकलं, मग ती कशी राहील?"

"मला वाटलं... मला काहीच वाटलं नाही, ताई. खरं म्हणजे तेच."

शनिवारी दुपारी तो घरी आला. चार वर्षांत पहिल्यांदा त्या दारात उभा राहिला. धाकटीने दार उघडलं आणि बाजूला झाली, पण बस म्हणाली नाही. ताई स्वयंपाकघरात गेली आणि उगाच नळ सोडला. मग ऐकू येईना म्हणून बंद केला.

"तू नको म्हण," बाहेर भोंगा म्हणत होता. "तू नको म्हणालीस तर मी ते गाणार नाही. मैदानावर नाही, कुठेच नाही."

"म्हणजे ते पण मीच करायचं."

"तसं नाही..."

"तसंच आहे. घरभाडं मी लक्षात ठेवायचं, तुझ्या आईचा वाढदिवस मी लक्षात ठेवायचा, आणि आता तुझं गाणं बंद करायचं की नाही तेही मीच सांगायचं. मी नाही सांगणार. गा म्हणणार नाही, नको गाऊ म्हणणार नाही. एकदा तरी तुझं तू ठरव."

ताई स्वयंपाकघराच्या दाराजवळ सरकली.

"ओटा मी पुसला होता," भोंगा हळूच म्हणाला. "तू गेलीस तेव्हा."

"माहितीये. तुझ्या आईने सांगितलं होतं." धाकटीचा आवाज जरा खाली आला. "जा आता. मला बाहेर जायचंय."

तिला कुठेही जायचं नव्हतं. तो गेल्यावर तिने चप्पल घातली, खाली उतरली आणि इमारतीला दोन चकरा मारून परत आली. ताई खिडकीतून बघत होती.

मैदानावरचा कार्यक्रम ऊन उतरता उतरता सुरू झाला. ताईने एवढी माणसं ओलसमोर कधी पाहिली नव्हती. तळघरात तीस जण आले तरी ठोक्या म्हणायचा की आज चेंगराचेंगरी होणार. ती ध्वनियंत्रणेच्या टेबलाशेजारी उभी होती, गळ्यात आयोजकांनी दिलेला पास. सकाळपासून तिने भोंग्याला विचारलं नव्हतं की काय ठरवलंस. त्यानेही सांगितलं नव्हतं. बाकी तिघांनाही माहीत नव्हतं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

पहिली चार गाणी जुनी होती. लोक आदबीने ऐकत होते, कुठे कुठे टाळ्या पडत होत्या. मग समोरून आरडाओरडा सुरू झाला. पुसून घे, पुसून घे. भोंग्याने सरांकडे वळून मान हलवली आणि सरांनी सुरुवात केली.

म्हणजे गाणार तर, ताईच्या मनात आलं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

पण शब्द यायच्या जागी भोंगा गायला नाही. माइकसमोर तो तोंड मिटून, दोन्ही हात खाली सोडून उभा राहिला. सरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग नजर वळवली आणि वाजवत राहिले. ताईला कळलं. गाणं बंद पाडलं असं नको आणि तिचे शब्द आपल्या तोंडून नकोत, यातून त्याने ही वाट काढली होती. नुसतं वाजवायचं. त्याच्या परीने त्याने ठरवलं होतं.

आणि समोरच्या माणसांनी गायला सुरुवात केली.

आधी पुढच्या चार रांगा, मग मागे, मग सगळं मैदान. त्यांना प्रत्येक शब्द पाठ होता. खिडक्या, वास, पाठमोरा माणूस. आणि ठोक्याने जोर धरला तेव्हा हजारो लोक एका सुरात भोंग्याच्या तोंडावर ओरडले, "पुसून घे, मी जाते." पुन्हा, "मी जाते." कोणी उड्या मारत होतं, कोणी मित्राच्या खांद्यावर बसलं होतं, एक बाई डोळे मिटून, छातीवर हात ठेवून गात होती. भोंगा हलला नाही. नुसता उभा राहून ऐकत होता. निदान या वेळी त्याचं तोंड त्यांच्याकडे होतं.

ताईला ड्रमची धडधड पायांत जाणवत होती. गाणं तितकंच सुंदर होतं, किंबहुना जास्तच. पण तिला एकदम बसावंसं वाटलं. टेबलामागे तारांच्या पेटीवर ती बसली आणि बाकीचं गाणं माणसांच्या पाठी बघत ऐकलं.

"काय डोकं लढवलंय!" गाणं संपल्यावर आयोजक बाई धावत आल्या. "स्वतः गप्प राहून लोकांना गायला लावायचं! हे प्रत्येक कार्यक्रमात ठेवा."

"बघू," ताई म्हणाली.

सामान गाडीत भरताना भोंगा तिच्याशेजारी आला. अँपच्या जड पेटीची एक बाजू त्याने धरली, दुसरी तिने.

"मी तोंड मिटलं," तो म्हणाला, "तर तेच गायला लागले."

"पाहिलं मी."

"आता काय करू?"

मागून मौनी केबल गुंडाळत येत होता. तो म्हणाला, "काही नाही. आता ते आपलं राहिलं नाही." आणि त्या दिवसाचं बोलणं संपवून गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने धाकटीला सगळं सांगितलं, काही न वगळता. कोणाच्या तरी खांद्यावर बसलेला माणूस, डोळे मिटलेली बाई, आयोजक बाईंचं बोलणंही. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"किती लोक असतील?"

"मैदान भरलं होतं."

"आणि सगळे ‘मी जाते’ म्हणत होते?"

"हो."

धाकटीच्या ओठांचा कोपरा हलला. "मी म्हटलं तेव्हा एकालाही ऐकू गेलं नव्हतं." तिने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. "त्याच्यावरचा राग संपला माझा. संपला म्हणजे, कंटाळा आला त्याचा. तुझ्यावरचा आहे अजून."

"असू दे."

"जाईल. पण घाई करू नकोस."

"नाही करणार."

ओलला मग कामं मिळत गेली. एक व्यवसायाने तेच करणारा माणूस त्यांच्याकडे चालून आला. व्यवस्थापक म्हणतात तसला, दोन फोन बाळगणारा. ताईने सगळे पत्ते, ओळखी, चाव्या त्याच्या हवाली केल्या. ठोक्याला वाईट वाटलं. "ताई, आत्ता कुठे दिवस आलेत, आणि तुम्ही जाता?" ती म्हणाली, "मी दमलेय रे." ते खरंच होतं, त्यामुळे जास्त काही सांगावं लागलं नाही. भोंगा ते गाणं पुन्हा कधी स्वतः गायला नाही. लोक गातच राहिले.

रेडिओवाल्याने लिहिलं, ‘आणखी काय आहे तुमच्याकडे?’ ताईने दोन आठवडे उत्तर दिलं नाही. मग बसून साठलेली गाणी ऐकली. त्यात एका जोडगोळीचं गाणं होतं, एक जण गायचा आणि दुसरी मोडक्या कीबोर्डवर साथ करायची. गाण्यात एका आजारी बापाचं बोलणं होतं. चांगलं होतं. पाठवण्याआधी तिने त्यांना फोन लावला.

"यात वडील जे बोलतात, ते कोणाचे?"

"माझेच," मुलगी म्हणाली. "का?"

"त्यांनी ऐकलंय का गाणं?"

"नाही. ऐकवायला हवं का?"

"आधी त्यांना ऐकव," ताई म्हणाली. "मग मला सांग. मी थांबते."

मुलीचा फोन यायला बराच काळ गेला. कधी कधी ताईला वाटायचं की येणारच नाही. ती वाट बघत राहिली आणि त्या आठवड्यांत वेबपेजवर दुसरं काही टाकलं नाही.

त्याच सुमारास धाकटीने दवाखान्याजवळ एक खोली बघितली. रागाने जात नाहीये, असं तिने दोनदा सांगितलं. "कायम कोणाच्या तरी घरी राहतेय मी, ताई. आधी आईच्या, मग त्याच्या, मग तुझ्या." ताईने अडवलं नाही. सुट्टीच्या दिवशी दोघींनी मिळून सामान हलवलं. पलंग तुकड्यातुकड्यांनी वर नेला. गादी मात्र जिन्याच्या वळणावर अशी अडकली की वरून धाकटी ओढतेय, खालून ताई ढकलतेय, आणि मध्ये अडकलेला एक म्हातारा शेजारी दोघींनाही सूचना देतोय. शेवटी गादी एकदाची सुटली ती धाकटीला घेऊनच मागे पडली. खाली ताईला हसू आवरेना. वरून गादीखालून धाकटीचं हसणं ऐकू येत होतं.

खोलीत पडदे नव्हते. दुपारचं ऊन थेट फरशीवर पडलं होतं. पलंग जोडायचं त्राण दोघींनाही नव्हतं. त्यांनी गादी तशीच जमिनीवर टाकली आणि आडव्या झाल्या, हातपाय पसरून, तोंडावर धूळ तशीच.

"तो बरा आहे ना?" थोड्या वेळाने धाकटीने छताकडे बघत विचारलं.

"बरा असेल. मी गेले नाही इतक्यात."

"आता तू काय करणार?"

"आत्ता?"

"आत्ता."

"झोपणार," ताई म्हणाली.

"मग सरक तिकडे. सगळी जागा खाल्लीस."

ताई सरकली. खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा खोकत होती. ती सुरू झाली की नाही, ते दोघींपैकी कोणालाच कळलं नाही.